गाजरगवताचा त्वग्विकार : निदान, चिकित्सा व औषध निवडताना घ्यावयाची काळजी

भीमा व घोड नद्यांच्या खोऱ्यात चिकित्सा करणाऱ्या वैद्यांस एक रुग्ण वारंवार भेटतो. वय चाळिशीच्या पुढे, व्यवसाय शेती. पापण्या सुजलेल्या, मान, कानामागील भाग व कोपराच्या घड्या काळवंडून जाड झालेल्या, कंडू असह्य. दोन-चार आठवड्यांच्या औषधाने आराम पडतो आणि खुरपणीस गेल्यावर व्याधी पुन्हा उसळते. अशा रुग्णाच्या बाबतीत प्रथम गाजरगवताचा, म्हणजेच लोकभाषेतील काँग्रेस गवताचा, विचार करावा.

या वनस्पतीची नोंद पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यास झाली आणि पुढे ती देशभर पसरली. दौंड तालुक्यातील मुठा उजव्या कालव्याचे काठ, शिरूरकडील चासकमान कालव्याचा परिसर, उसाचे बांध, रेल्वेमार्गालगतची पडीक जमीन, जेथे ओल आहे तेथे ती उगवते. तिच्यातील पार्थेनिन हे द्रव्य त्वचेस संवेदनशील बनविते. वाळलेल्या झाडाचा भुगाही वाऱ्याने अंगावर येतो. म्हणून गवतास हात न लावणाऱ्यासही विकार जडतो.

व्यवच्छेदक निदान

अंगास खाज सुटली की शीतपित्त असे निदान करण्याचा आपला प्रघात आहे. परंतु शीतपित्ताच्या गांधी साधारणतः एका दिवसात विरतात. गाजरगवताचा विकार संपर्कानंतर एक ते तीन दिवसांनी उमटतो, आठवडेच्या आठवडे टिकतो व त्वचा जाड करतो. त्याचे स्वरूप विचर्चिकेशी अधिक जुळते. अल्पमात्रेत शरीरात राहून अनुकूल काळी प्रकुपित होणाऱ्या दूषीविषाची संकल्पनाही येथे मार्गदर्शक ठरते. केवळ उन्हाने होणाऱ्या विकारात वरच्या पापण्या, हनुवटीखालील व कानामागील सावलीचे भाग बहुधा सुटतात. हवेतून येणाऱ्या कणांच्या विकारात तेही ग्रस्त होतात. संशय असल्यास त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

चिकित्सा

निदानपरिवर्जन हीच येथील प्रथम चिकित्सा होय. पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडास रुमाल, शेतातून परतताच स्नान व कपड्यांची वेगळी धुलाई या सूचना औषधाच्या चिठ्ठीवरच लिहाव्यात. बलवान रुग्णात दोष व ऋतू पाहून विरेचनादी शोधन योजावे. शमनार्थ सारिवा, मंजिष्ठा, खदिर, निंब यांची योजना करता येते. हरिद्राखंड देताना त्यातील साखरेमुळे मधुमेहाची चौकशी अवश्य करावी. स्राव असता पंचवल्कल क्वाथाचा परिषेक आणि दाह व रूक्षता असता शतधौत घृत हे सौम्य बाह्योपचार होत.

योगातील घटक तपासा

येथे एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानी येत नाही. कुष्ठ, म्हणजे बाजारातील उपलेट, हे द्रव्य गाजरगवताच्याच कुळातील आहे. त्यात पार्थेनिनच्याच वर्गातील द्रव्ये असून ते त्वचेस संवेदनशील बनविते, हे सर्वज्ञात आहे. माका, गोरखमुंडी, शेवंती व झेंडूही याच कुळातील. मरिच्यादि तैलाच्या पाठात कुष्ठ आहे. आपण सहजपणे देतो त्या महामंजिष्ठादि क्वाथात तर कुष्ठ व भृंगराज ही दोन्ही द्रव्ये आहेत. प्रत्येक रुग्णास त्यांचा उपद्रव होईलच असे नाही. परंतु औषध सुरू केल्यावर कंडू वाढल्यास तो रोगाचा वेग समजून मात्रा वाढविण्यापूर्वी योगातील घटक तपासावेत. अशा रुग्णात एकेरी द्रव्यांपासून आरंभ करणे अधिक सुरक्षित होय.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी

औषधविक्रेत्या बंधूंनी घटकांची यादी नसलेला कोणताही मलम दुकानात ठेवू नये. 'आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा मलमात स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. त्याने तत्काळ आराम पडतो, मात्र कालांतराने त्वचा पातळ होते आणि औषध थांबविताच विकार दुप्पट वेगाने उलटतो. रुग्ण पूर्वीपासून पोटातून स्टेरॉइड घेत असल्यास ते एकाएकी बंद करावयास कोणी सांगू नये; तो निर्णय संबंधित डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्हावा.

ओठ वा जीभ सुजणे, श्वासास त्रास, घेरी ही लक्षणे दिसताच काढा-चूर्णात वेळ न दवडता रुग्णास रुग्णालयात पाठवावे. तेथे ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शनच प्राण वाचविते.

ऑगस्टमध्ये देशभर गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून हे गवत मुळासकट उपटावे, ही गोष्ट गावकऱ्यांस सांगण्याचा अधिकार वैद्यास आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे. मात्र ज्यास हा विकार जडला आहे, त्यास त्या कामावर कदापि पाठवू नये.