खड्याची सावली

मनोरीच्या बाईला पोटाची सोनोग्राफी सांगितली की सहसा मालाड गाठावं लागतं. आधी मार्व्याची फेरीबोट, मग बस किंवा रिक्षा. रस्त्यानेच जायचं तर गोराई-उत्तनवरून भाईंदरचा मोठा वळसा. पित्ताशय बघायचं असेल तर हा प्रवास उपाशीपोटी करायचा आणि मूत्राशय बघायचं असेल तर भरपूर पाणी पिऊन, लघवी दाबून धरून. मशीनच गावात आणावं, तर पोर्टेबल मशीनही हवं तिथे नेता येत नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला, १९९४ साली केंद्राचा आला. मशीन नोंदलेल्या जागीच वापरायचं हे बंधन त्यातूनच आलं, आणि ते हवंच. म्हणूनच एवढी यातायात करून आलेल्या बाईचं चित्र पहिल्याच खेपेला नीट निघायला हवं. पोटातला गॅस, चरबी आड येते हे खरं. पण पुष्कळदा बटणांकडे दोन मिनिटं लक्ष दिलं तरी चित्र सुधारतं.

पित्ताशयात खडा आहे का, हे बघताना काय घडतं ते पाहू. पोटावर फिरवायचा प्रोब आवाजाचे ठोके आत सोडतो आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतो. शरीरात हा आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर धावतो. एक सेंटिमीटर आत जाऊन परत यायला त्याला १३ मायक्रोसेकंद लागतात. पित्ताशय ७-८ सेंटिमीटरवर असताना मशीनवर बघायची खोली १६ सेंटिमीटर ठेवली, तर निम्मा पडदा फुकट जातो आणि प्रत्येक ओळीला दुप्पट वेळ लागतो. चित्र लहान दिसतं आणि हलतंही अडखळत.

मग फ्रिक्वेन्सी. ३.५ मेगाहर्ट्झला लहर सुमारे ०.४४ मिलिमीटरची, १० मेगाहर्ट्झला जेमतेम ०.१५. लहर जितकी लहान तितका बारकावा जास्त, पण तितकाच आवाज वाटेत लवकर विरतो. त्यामुळे थायरॉइडला वरची फ्रिक्वेन्सी चालते, जाड पोटाला खालचीच लागते.

सर्वांत जास्त घात गेन करतो. चित्र काळपट वाटलं की गेन वाढवायचा हात आपसूक पुढे होतो, खोलीत दिवा लख्ख असेल तर आणखीच. वास्तविक गेनमुळे शरीरात जास्त आवाज जात नाही, परतलेला प्रतिध्वनी फक्त मोठा होतो. त्याच्यासोबत खरखरही मोठी होते. फिश फाइंडरचा गेन चढवला की मासळी नसलेल्या पाण्यातही ठिपके उमटतात, तसंच इथे काळंभोर दिसायला हवं ते पित्त करडं होतं आणि गाळ साचल्याचा भास होतो. खड्यामागे पडणारी काळी सावली, जी खड्याची पक्की खूण, तीही त्यात बुजते. गेन फारच उतरवला तर खरा गाळ दिसत नाही. खोलवरून येणारे प्रतिध्वनी मुळातच क्षीण, त्यांच्यासाठी टीजीसीच्या, म्हणजे खोलीनुसार गेन बदलायच्या, वेगळ्या पट्ट्या असतात. त्या सोडून सगळंच उजळ करणं हा आळस आहे.

फोकस खड्याच्याच पातळीला आणायचा. तो वर किंवा खाली राहिला तर तिथे झोत रुंदावतो आणि बारक्या खड्याची सावली पडतच नाही.

एवढं करूनही शंका उरली तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा बघायचं. सुटा खडा घरंगळतो, पॉलिप, म्हणजे भिंतीवरची वाढ, भिंतीला चिकटूनच राहतो.