पारनेरचा विद्यार्थी एडिंबरोस

मुलगा परदेशीं शिकावयास गेला म्हणजे पत्रांतून थंडी, बटाटे आणि लोंकरीचे कपडे यांचींच वर्णनें येतात. (घरच्यांसही तेवढेंच ऐकावयाचें असतें!) तिकडील नित्याच्या व्यवहारांत याहून मोलाचें कांहीं असतें, तें पुढें ‘सेनापति’ झालेल्या पांडुरंग महादेव बापटांच्या चरित्रांत दिसतें. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील पारनेर येथें १८८० सालीं जन्मलेले बापट डेक्कन कॉलेजांतून १९०४ सालीं शिष्यवृत्तीवर एडिंबरोस यंत्रविद्या शिकावयास गेले. त्या देशीं साधा कारागीरही संध्याकाळीं सभेंत आपल्याच सरकारचे दोष काढतो आणि सकाळीं निर्धास्तपणें कामावर जातो. बापटांनींही हिंदुस्थानांतील इंग्रजी राज्यावर तसेंच उघड भाषण केलें. त्यांची शिष्यवृत्ति मात्र बंद झाली. घरच्यांस एक रीत, आश्रितांस दुसरी!

पुढील लंडन, पॅरिस व बॉम्बची विद्या हा इतिहास सर्वश्रुत आहे. आम्हांस नवल वाटतें तें निराळ्याच गोष्टीचें. विलायतेहून परतलेल्या या ब्राह्मणानें पुढें पारनेरास हातीं झाडू घेऊन गांवचे रस्ते झाडले. गांवकऱ्यांस तें बॉम्बपेक्षांही पचावयास जड गेलें असावें.