वृद्धांची देखभाल : कायदा कुठवर पोहोचला आहे?

आपल्याकडे 'नर्सिंग होम' म्हटले की छोटे खासगी रुग्णालयच डोळ्यांसमोर येते. अंथरुणाला खिळलेल्या किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या ज्येष्ठांना महिनोन्‌महिने सांभाळणारे केंद्र ही वेगळी गोष्ट आहे. आई-वडील वडोदऱ्यात आणि मुले पुण्यात किंवा परदेशात, अशा घरांना कधी ना कधी त्याचा विचार करावा लागतो. अशा वेळी कायदा काय देतो, ते पाहू.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा 2007 सालचा आहे. स्वतःच्या उत्पन्नात भागत नसेल, तर आई-वडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागता येतो. प्रांत अधिकारी किंवा त्यांच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करावा लागतो. ही रक्कम दरमहा 10,000 रुपयांच्या वर जात नाही. पूर्णवेळ देखभालीला ती सहसा पुरत नाही.

खरी उणीव पुढेच आहे. हा कायदा मुलांना जाब विचारतो, पण पैसे घेऊन वृद्धांना सांभाळणाऱ्या खासगी केंद्राला विचारत नाही. डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात अशा केंद्रांची व घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि सेवेचा किमान दर्जा यांची तरतूद होती. 10,000 रुपयांची मर्यादाही जाणार होती. मात्र विधेयक मंजूर झाले नाही आणि 2024 मध्ये लोकसभेची मुदत संपताच ते रद्द झाले.

70 वर्षांवरील सर्वांना मिळणारे 'आयुष्मान वय वंदना' कार्ड वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार देते, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. आयाबाईंचा पगार किंवा केंद्राचे मासिक शुल्क त्यातून मिळत नाही.

तेव्हा केंद्र निवडताना चौकशी आपणच करायची. रात्री किती माणसे असतात? प्रशिक्षित परिचारिका आहे का? तब्येत बिघडल्यास कोणत्या रुग्णालयात नेतात? न सांगता भेटायला येता येते का? अनामत परत कधी मिळते? उत्तरे लेखी घ्यावीत. घर मुलांच्या नावे करणार असाल, तर 'आमची देखभाल करावी' ही अट बक्षीसपत्रातच लिहावी. ती पाळली नाही, तर कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून मागता येते.

अडचणीच्या वेळी ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी 14567 लक्षात ठेवावी. फोन विनामूल्य आहे.