कागदावरची गाडी आणि बॉनेटखालची गाडी
जुनी, फेरफार केलेली टर्बो मोटार विकत घेण्यापूर्वी

चंडीगडहून लुधियानाच्या दिशेने निघालेला प्रवासी थोड्याच वेळात खरडला पोहोचतो. पंजाबमधील साहिबजादा अजितसिंह नगर, म्हणजेच मोहाली जिल्ह्यातील हे तहसिलीचे ठिकाण. चंडीगडमधील घरांच्या किमती मध्यमवर्गीयांच्या आवाक्याबाहेर गेल्या, तशी खरडच्या आसपास सदनिकांची दाटी वाढली. चंडीगड आणि मोहाली येथे काम करणारे नोकरदार, देशाच्या निरनिराळ्या भागांतून बदलीवर आलेले कर्मचारी आणि जवळच्या महाविद्यालयांत शिकणारे तरुण येथे मोठ्या संख्येने राहतात. घर येथे आणि कचेरी तेथे, अशी स्थिती असल्याने मोटारीची गरज भासते. नवी गाडी परवडत नाही तेव्हा पावले जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळतात.

या बाजारात एका विशिष्ट प्रकारच्या गाडीचे तरुणांना फार आकर्षण असते. गाडी दहा-बारा वर्षांची, इंजिन टर्बोचे, चाके रुंद, सायलेन्सरचा आवाज भारदस्त, आणि विक्रेत्याचे ठरलेले वाक्य असे की, ‘गाडीवर बरेच काम केलेले आहे.’ या ‘कामा’मुळे तिची शक्ती मूळ गाडीपेक्षा वाढलेली असते. किंमत मात्र त्या शक्तीच्या नव्या गाडीच्या मानाने अगदीच थोडी. सौदा लाभाचा वाटतो. परंतु अशा गाडीबरोबर विक्रेत्याच्या डोक्यावरची जोखीमही खरेदीदाराकडे येते आणि तिची नोंद किमतीच्या पावतीवर कोठेही नसते.

टर्बोचे तंत्र

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एरवी वाया जातो. त्याच्या झोताने एक लहानशी पंखाचक्री फिरवायची आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्रीने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, हे टर्बोचार्जरचे तत्त्व. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले. हवा अधिक मिळाली की इंधनही अधिक जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची शक्ती मिळते. ही चक्री मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते, तिच्या एका बाजूला शेकडो अंशांची उष्णता असते, आणि तिचा दांडा तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तरंगत असतो. तेल वेळेवर बदलले नाही किंवा वेगाने पळवलेली गाडी थांबवून इंजिन तत्काळ बंद करण्याची सवय असली, तर या दांड्याची झीज झपाट्याने होते.

भारतात सर्वसामान्य कुटुंबापर्यंत टर्बो पोहोचवण्यात एका इंजिनाचा मोठा वाटा आहे. फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळील रांजणगाव येथे तयार होत असे. परवान्याखाली तेच इंजिन मारुतीच्या गाड्यांसाठी मानेसर येथेही बनू लागले आणि २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट बाजारात आली. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ ही प्रदूषण मानके लागू झाली, त्या वेळी मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. त्यामुळे हे इंजिन असलेली गाडी आता केवळ जुन्या बाजारातच मिळते, आणि फेरफार करणाऱ्यांचे ती आवडते लक्ष्य आहे.

शक्ती वाढते, तिची किंमत कोण देतो?

या इंजिनाच्या साध्या आवृत्तीची शक्ती सुमारे ७५ अश्वशक्ती होती. काही गाड्यांत कंपन्यांनी ती ९० पर्यंत नेली. ती नेताना बदलत्या कोनाच्या पात्यांचा टर्बो आणि हवा थंड करणारा इंटरकूलर वापरला गेला. रांजणगावच्याच १.४ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचे उदाहरणही बोलके आहे. २०१० च्या लिनिया टी-जेटमध्ये त्याची शक्ती ११४ अश्वशक्ती होती. २०१५ च्या अबार्थ पुंटोमध्ये ती १४५ करण्यात आली. या गाडीला उत्पादकाने चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले आणि तिची उंचीही कमी ठेवली. तात्पर्य, शक्ती वाढवायची तर ती पेलणारे, थंड करणारे आणि आवरणारे भागही बदलावे लागतात, हे उत्पादक जाणतात.

गॅरेजमध्ये होणारे काम बहुधा याच्या उलट असते. गाडीच्या संगणकातील आज्ञावली बदलून, म्हणजेच ‘रिमॅप’ करून, हवेचा दाब आणि इंधनाचे प्रमाण वाढवले जाते. काही वेळा त्यासाठी तारांना एक लहानशी पेटी जोडतात. काही तासांच्या कामात गाडी जोमाने पळू लागते. परंतु क्लच, गिअरबॉक्स, पिस्टन, हेड गॅस्केट आणि ब्रेक मूळचेच राहतात. टर्बोची चक्री ठरवलेल्या मर्यादेपलीकडे फिरू लागते. पेट्रोल इंजिनात अवेळी पेट घेणारे इंधन पिस्टनवर घणाचे घाव घालते. डिझेल इंजिनात न जळालेले इंधन काळा धूर ओकते आणि तापमान वाढवते. धुराचा मार्ग मोकळा करण्यासाठी प्रदूषण रोखणारी उपकरणेही पुष्कळदा काढून टाकली जातात.

गाडी विकण्याची वेळ आली की मूळ आज्ञावली पुन्हा भरता येते आणि जोडलेली पेटी पाच मिनिटांत काढता येते. झिजलेला धातू मात्र पूर्ववत होत नाही. बाहेरून मूळ स्थितीत दिसणारी गाडी आतून किती दमलेली आहे, हे नव्या मालकाला काही महिन्यांनी, दुरुस्तीच्या बिलावरून कळते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बाब निःसंदिग्धपणे स्पष्ट केली. सीएनजी संच बसवणे, त्याच बनावटीचे इंजिन बदलणे किंवा दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत सोय करणे यांसारख्या बदलांना नियमांच्या चौकटीत वाव आहे. पण त्यासाठी परवानगी आणि नोंदणी प्रमाणपत्रावर नोंद आवश्यक असते. २०१९ च्या दुरुस्तीने आणलेल्या कलम १८२-अ प्रमाणे अनधिकृत फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. फेरफार मागील मालकाने केला, हे सांगून रस्त्यावरील तपासणीत सुटका होईलच असे नाही. गाडी तर समोर उभी असते आणि ती चालवणारा नवा मालकच असतो.

तीन सरकारे, एक बाजार

खरडच्या खरेदीदारापुढे आणखी एक अडचण असते. खरड पंजाबात, चंडीगड केंद्रशासित प्रदेश आणि पलीकडचे पंचकुला हरियाणात. तासाभराच्या अंतरात तीन परिवहन यंत्रणा. चंडीगडच्या ‘सीएच’ क्रमांकाची गाडी खरडच्या रहिवाशाने घेतली, तर अंतर थोड्या किलोमीटरांचे असले तरी कायद्याच्या दृष्टीने ती दुसऱ्या राज्यात गेलेली असते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि राज्याबाहेरील व्यवहारात ४५ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती देणे कलम ५० प्रमाणे बंधनकारक आहे. बदली होऊन पुण्याला किंवा नागपूरला परतणाऱ्या कर्मचाऱ्याने गाडी बरोबर आणली, तर १२ महिन्यांहून अधिक काळ ती तेथे ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्या राज्याच्या कराचा हिशेबही आधीच करून ठेवावा. पुनर्नोंदणीसाठी गाडी अधिकाऱ्यापुढे उभी केली जाते, तेव्हा तिच्यातील फेरफार उघडे पडण्याची शक्यता अधिक असते.

दिल्लीहून आलेल्या डिझेल गाड्यांकडेही डोळसपणे पाहावे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल वाहनांवर बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुढे या आदेशांत फेरबदल झाले. पण बंदीच्या भीतीने विकलेली गाडी स्वस्त मिळते ती कोणत्या कारणाने, हे ग्राहकाने समजून घेतले पाहिजे.

हस्तांतर लांबवल्यास काय होते, याचा धडा चंडीगड येथील पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणाने घालून दिला. २००९ मध्ये एका मोटारीने अपघात केला. ती गाडी तोपर्यंत अनेक हातांतून फिरली होती. परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर होती. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच नुकसानभरपाईसाठी जबाबदार धरले. गाडी विकून निर्धास्त झालेल्या गृहस्थाला नऊ वर्षांनंतर हा निकाल ऐकावा लागला. म्हणून हस्तांतराची काळजी विकणाऱ्यानेही तेवढीच घ्यावी.

विमा आणि कर्ज

विम्याचा करार परस्पर विश्वासावर उभा असतो. गाडीचे वर्णन जसे कागदावर आहे तशी ती आहे, असे गृहीत धरूनच कंपनी हप्ता ठरवते. शक्ती वाढवल्याचे कळवले नसेल, तर अपघातानंतर सर्वेक्षकाच्या नजरेस ते येताच दावा नाकारला जाण्याचा धोका असतो. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा. अन्यथा तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण राहिले, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई मिळणे कठीण होते. ‘नो क्लेम बोनस’ हा मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. तो खरेदीदाराला मिळत नाही.

बँकेच्या दृष्टीने गाडी हे तारण आहे. जुन्या गाडीचे मूल्यांकन तिची बनावट, वर्ष आणि स्थिती पाहून होते. ‘कामा’वर खर्च झालेले लाख-दोन लाख सर्वसाधारणपणे त्यात धरले जात नाहीत. विक्रेता ती रक्कम मागतो आणि ती ग्राहकाला पदरची घालावी लागते. शिवाय नोंदणी प्रमाणपत्रावर पूर्वीच्या कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याची खात्री करावी. त्यासाठी संबंधित बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ आवश्यक असतो. कर्ज फिटले, हे केवळ तोंडी सांगणे पुरेसे नाही.

खरेदीपूर्वीची तपासणी

गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू न करण्यास सांगावे. थंड इंजिन सुरू होताना त्याचे खरे रूप दिसते. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे, डिझेल गाडीचा दाट काळा धूर म्हणजे इंधन अवाजवी जात आहे. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचे फेरे वाढतात पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरत आहे. टर्बोमधून शिट्टीसारखा तीव्र आवाज येणे, इंटरकूलरच्या नळीत तेल साचलेले असणे, बोल्टच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे असणे, तारा कापून पुन्हा जोडलेल्या असणे, या सर्व खुणा बोलक्या असतात.

चाचणी नेहमीच्या रस्त्यावर, किमान अर्धा तास घ्यावी. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणकार मेस्त्रीकडून स्कॅनर लावून आणि सिलिंडरचा दाब मोजून घ्यावा. बिघाडाच्या नोंदी नुकत्याच पुसलेल्या असतील, तर स्कॅनरवर स्वयंचाचण्या अपूर्ण दिसतात. चासीस क्रमांक देऊन अधिकृत सेवा केंद्रातून दुरुस्तीचा इतिहास मागवावा. तेलबदलाच्या तारखा पाहिल्या की टर्बोची निगा कळते. चासीस आणि इंजिनाचे क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावेत. ‘वाहन’ संकेतस्थळावर मालकी, बोजा, विमा व प्रदूषण प्रमाणपत्र यांची मुदत आणि थकलेले दंड तपासावेत. व्यापाऱ्याकडून गाडी घेताना त्याचे प्राधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांसाठी ही व्यवस्था लागू झाली आहे.

विसार देण्यापूर्वी हे सर्व पूर्ण करावे. रक्कम धनादेशाने अथवा बँकेच्या खात्यातूनच द्यावी आणि लेखी करारात ताबा दिल्याची तारीख व वेळ नोंदवावी, म्हणजे आधीचे दंड कोणाचे आणि नंतरचे कोणाचे, हा वाद उरत नाही.

वेगाची हौस असणे गैर नाही. उत्पादकानेच शक्तिशाली बनवलेल्या, निगा राखलेल्या जुन्या टर्बो गाड्याही बाजारात मिळतात आणि त्या वर्षानुवर्षे चांगली सेवा देतात. ग्राहकाने एवढेच पाहावे की कागदावर लिहिलेली गाडी आणि बॉनेटखालची गाडी एकच आहे. त्या कागदावरच आरटीओची नोंदणी, विमा कंपनीचे संरक्षण आणि बँकेचे कर्ज उभे असते. दोन्हींत तफावत आढळली, तर किंमत कितीही मोहात पाडणारी असली, तरी तो सौदा सोडून देणेच शहाणपणाचे ठरते.