आहाराची मात्रा आणि शरीरातील धुमसता दाह

वसतिगृहात जेवणाची घंटा ठरलेल्या वेळी होत असे. ताटातली ज्वारीची भाकर, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी तेव्हा आम्हाला रोजचीच म्हणून नकोशी वाटे. आज आमच्यापैकी अनेकांनी चाळिशी ओलांडली आहे. नोकरीच्या गावी रात्री उशिरा जेवण, दिवसभर गोड चहा व बिस्किटे हा क्रम झाला आहे. माजी विद्यार्थी भेटले की मुलांच्या शिक्षणाइतकाच रक्तातील साखरेचा विषय निघतो. म्हणून आहार आणि दाह यांचा संबंध येथे समजावून घेऊ या.

पायात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह उपकारक असतो. जंतूंचा बंदोबस्त झाला की तो शमतो. दीर्घकालीन दाह मात्र राखेखालच्या विस्तवासारखा वर्षानुवर्षे धुमसतो. त्याचे एक मोठे उगमस्थान म्हणजे पोटातील चरबी. ही चरबी निव्वळ साठवण नव्हे. लठ्ठ उंदरांच्या चरबीत दाह वाढविणारे द्रव्य तयार होते व ते इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते, असे १९९३ साली अमेरिकेतील प्रयोगांतून दिसून आले. असा दाह मधुमेह आणि हृदयविकार यांना वाट करून देतो. मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर अखेरच्या वर्षांत किती पोखरले होते, हे आपण जाणतोच.

‘आम्ही तर सडपातळ’ हा दिलासाही फसवा ठरू शकतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती! म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजावा. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर हा सावधगिरीचा इशारा मानतात.

यात आहाराचे काम दुहेरी आहे. साखर, मैदा आणि तळलेले पदार्थ वारंवार खाल्ल्याने गरजेपेक्षा अधिक ऊर्जा पोटात जाते आणि चरबी वाढते. उलट ज्वारी, डाळी व पालेभाज्यांतील चोथा आतड्यातील उपयुक्त जिवाणूंचे अन्न होतो. त्यापासून ते दाह आवरणारी आम्ले तयार करतात. आपल्याकडच्या जवसाच्या चटणीत ओमेगा-३ प्रकारचे स्निग्धाम्लही असते. मात्र कोणताही एक पदार्थ रामबाण नसतो. रोजच्या ताटाची घडण महत्त्वाची.

कोसलनरेश पसेनदीची कथा संयुत्तनिकायात आली आहे. अतिभोजनाने धापा टाकीत आलेल्या राजाला तथागतांनी मात्रेचा उपदेश केला. राजाने तो उपदेश रोज जेवताना म्हणून दाखविण्याचे काम एका तरुणाकडे सोपविले. त्याने आहार एका दिवसात तोडला नाही. हळूहळू कमी केला आणि तो हलका झाला.

आम्हालाही तोच मार्ग योग्य वाटतो. चहातली साखर आधी निम्मी करावी. रात्रीचे जेवण लवकर उरकावे. आठवड्यातून चार दिवस तरी भाकर करावी. मधुमेहाची औषधे चालू असतील, तर ती स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. जेवणाच्या वेळा बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आमच्या आईवडिलांनी अर्धपोटी दिवस काढले. म्हणूनच लेकराच्या ताटात आग्रहाने वाढणे हीच त्यांची माया होती. ती माया आम्ही विसरणार नाही; पण आपल्या मुलांना वाढताना तिला मात्रेची जोड देऊ.