पोरांना भिंत वाचायला शिकवा

मंडळी, पोरं पुस्तक वाचतात. पण राहत्या घराची भिंत वाचतात का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपानं माळवदाची घरं कोसळली, हजारो माणसं गेली. माथ्यावर मातीचं ओझं आणि भिंतीचे आतले-बाहेरचे थर सांधणारे लांब दगडच नाहीत. थर सुटे झाले. हे कळायला इंजिनिअर कशाला हवा? डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथं पोरं बांधकाम हातानं करूनच शिकतात. तुमच्या गुरुजींनाही सांगा, एक तास वर्गाबाहेर घ्या. दगडांच्या दोन छोट्या भिंती रचा, एकीत लांब दगड घाला, दोन्ही हलवून बघा. उद्या घरं हीच पोरं बांधणार आहेत!