चौकट : टीव्ही गावात, ओटीपी फडावर

शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुलं आजीकडे राहिली, तर टीव्हीवरच्या ॲपचा ओटीपी मात्र उसाच्या फडात, वडिलांच्या मोबाइलवर येतो. निघण्याआधी माहीत हवं असं :

• वयाचा शिक्का : २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कार्यक्रमांचे पाच वर्ग – यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय देणं ॲपवर बंधनकारक. 'ए'साठी वयाची पडताळणीही.

• प्रोफाइल आणि पिन या दोन गोष्टी : मुलांचं प्रोफाइल फक्त यादी गाळतं. मोठ्यांच्या प्रोफाइलला पिन नसेल, तर नातवाला रिमोटचं एक बटण पुरतं.

• ऑटो-पे : पैसे कापण्याच्या २४ तास आधी मेसेज येतो. १५,००० रुपयांपर्यंतच्या ठरलेल्या कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. यूपीआयचा ऑटो-पे यूपीआय ॲपमधून रद्द करता येतो. मोबाइलमधून ॲप उडवलं, तरी कपात चालूच राहते!

• नेटफ्लिक्सचा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. 'यूट्यूब किड्स' फुकट, डेटा आपला.